आफ्रिकेतील मोठ्या जनावरांवर शिकारी गोळ्यांचा परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकारी रायफलींविषयीची चर्चा बहुधा काडतुसाच्या नावापासून सुरू होते आणि तिथेच संपते. .३७५ चांगले की .४१६ (हे आकडे म्हणजे गोळीचा इंचांतला व्यास), दुनळी चांगली की बोल्टची रायफल (जिची खीळ हाताने मागे-पुढे ओढून काडतूस चढवतात), यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसे गोळी कोणत्या धातूची आहे, तिचे आवरण किती जाड आहे आणि हाडावर आदळल्यावर तिचे काय होते, हे क्वचितच विचारतात. जनावराच्या शरीरात प्रत्यक्ष शिरते ती गोळीच, त्यामुळे पुढील उत्तरांत भर तिच्यावर आहे.

गोळीने जनावर नेमके कशामुळे मरते?

दोनच मार्ग आहेत. पहिला म्हणजे मेंदू किंवा मानेतला मज्जारज्जू उद्ध्वस्त होणे. यात जनावर जागच्या जागी कोसळते. दुसरा म्हणजे हृदय, फुप्फुसे किंवा त्यांच्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटून रक्तदाब घसरणे आणि मेंदूचा प्राणवायू तुटणे. या दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो. हृदयाच्या चिंधड्या झाल्या तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो, आणि तेवढ्या वेळात रानरेडा शंभर मीटर सहज पळतो. मग ते पळणे झुडपांकडे असो की शिकाऱ्याच्या दिशेने. म्हणून ‘गोळी हृदयात लागूनही जनावर पळाले’ ही तक्रार गोळीच्या अपयशाची असेलच असे नाही.

गोळी शरीरातून जाताना दोन प्रकारच्या पोकळ्या तयार होतात. जी ऊती प्रत्यक्ष चिरडली आणि फाटली जाते, ती कायमची पोकळी. तिच्याभोवतीची ऊती क्षणभर बाजूला ढकलली जाऊन पुन्हा जागेवर येते, ती तात्पुरती पोकळी. फुप्फुसे लवचीक असल्यामुळे तात्पुरता ताण बराचसा सोसतात, तर यकृतासारखा ठिसूळ अवयव त्यानेच फाटतो. मोठ्या जनावरांच्या बाबतीत भरवसा ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे कायमच्या पोकळीची रुंदी आणि तिची खोली; आणि या दोहोंत निवड करायची वेळ आली, तर आधी खोली.

मोठ्या रायफलीच्या धक्क्याने जनावर उलथून पडत नाही का?

नाही. हे गणिताने दाखवता येते. .४७० नायट्रो एक्सप्रेसची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२.४ ग्रॅमची असते आणि ती नळीतून सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने बाहेर पडते. ७०० किलोच्या रानरेड्यात ती पूर्णपणे अडकून राहिली, तर तिच्या संवेगामुळे त्या जनावराला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर भरतो. शिवाय जेवढा धक्का गोळी देते, तेवढा आणि थोडा जास्तच रायफल शिकाऱ्याच्या खांद्याला देते, आणि तो माणूस ८० किलोचा असूनही उभा राहतो. जनावर तत्क्षणी कोसळते ते मज्जासंस्थेला इजा झाल्यामुळे किंवा आधाराचे हाड मोडल्यामुळे.

जॉन टेलर या हस्तिदंताच्या शिकाऱ्याने मांडलेले ‘नॉक-आउट’ मूल्य या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. ग्रेनमधले वजन, फुटांमधला सेकंदाचा वेग आणि इंचांतला व्यास यांच्या गुणाकाराला ७००० ने भागायचे, त्या हिशेबाने.३७५ ला सुमारे ४१ आणि .४७० ला सुमारे ७३ गुण मिळतात. मात्र टेलरच्या मनातला प्रश्न मर्यादित होता: हत्तीच्या डोक्यात मारलेल्या सॉलिड, म्हणजे न फुलणाऱ्या, गोळीने मेंदू थोडक्यात चुकवला, तर तो हत्ती कितपत गुंगतो? तेच सूत्र हरणाच्या छातीला किंवा फुलणाऱ्या गोळीला लावणे म्हणजे त्याच्याकडून नसलेले उत्तर काढून घेणे आहे.

सॉफ्ट आणि सॉलिड यांत फरक काय?

सॉफ्ट गोळीचे नाक उघड्या शिशाचे किंवा पोकळ असते. आदळल्यावर ते मागे वळून फुलते, गोळीचा व्यास दीडपट ते दुप्पट होतो आणि जखम रुंद होते. रुंदी वाढली की रोध वाढतो, म्हणून ती कमी खोल जाते. सॉलिड गोळी फुलण्यासाठी बनवलेलीच नसते. जुन्या सॉलिडमध्ये शिशाच्या गाभ्यावर पोलादाचे किंवा तांब्याच्या मिश्रधातूचे जाड आवरण असे. आता बहुतेक सॉलिड अखंड पितळेच्या किंवा तांब्याच्या दांड्यातून कातून काढतात. त्यांचे काम एकच आहे, ते म्हणजे वाकडे न होता, न फुटता आणि न वळता सरळ आत जाणे.

रानरेड्यासाठी कोणती गोळी घ्यावी?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत बदलले आहे. पूर्वीच्या साध्या सॉफ्ट गोळ्यांत आवरण आणि शिसे एकमेकांना चिकटवलेले नसत. रानरेड्याच्या छातीवर कातडे जाड, बरगड्या रुंद आणि एकमेकींच्या अगदी लगत, त्यांच्यापुढे फऱ्याचे आणि दंडाचे जाड हाड. या सगळ्यावर तशी गोळी आपटली की आवरण सोलले जाई, शिसे विखुरे, आणि हृदयापर्यंत पोहोचण्याइतके वजन तिच्यात उरत नसे. म्हणून जुने शिकारी रानरेड्यावर सुरुवातीपासूनच सॉलिड वापरत. सॉलिड पोहोचत असे, पण तिची जखम अरुंद, आणि शिवाय ती पार निघून मागच्या म्हशीला लागण्याची भीती. रानरेडे कळपात असतात, हे विसरून चालत नाही.

आता घट्ट बांधणीच्या सॉफ्ट गोळ्या उपलब्ध असल्यामुळे अनेक व्यावसायिक शिकारी, ज्यांना तिकडे सगळे ‘पीएच’ म्हणतात, पहिला बार सॉफ्टचा आणि त्यामागे मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या कप्प्यात, सॉलिड अशी मांडणी सांगतात. कारण सरळ आहे. पहिला बार जनावर शांत उभे असताना, शक्यतो आडवे असताना आणि मागे दुसरे जनावर नसताना होतो. त्यानंतरचे बार पळत्या जनावराच्या पार्श्वभागातून पुढे छातीकडे मारावे लागतात आणि वाटेत रवंथ करणाऱ्या जनावराचे चाऱ्याने ठासून भरलेले पोट येते. ओल्या गवताचा तो गोळा फुललेल्या गोळीला इतका अडवतो की चांगल्या चांगल्या सॉफ्ट तिथेच थांबतात. सॉलिड मात्र त्यातून जाते.

आडव्या उभ्या रानरेड्यावर नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. आफ्रिकेतल्या बहुतेक जनावरांचे हृदय नवख्या शिकाऱ्याला वाटते त्यापेक्षा बरेच पुढे आणि खाली असते, थेट दोन पायांच्या मध्ये. ‘खांद्याच्या मागे’ मारण्याची सवय घेऊन येणारा शिकारी फुप्फुसाच्या मागच्या कडेला किंवा पोटात मारून बसतो, आणि मग दोष गोळीला देतो.

एक बार लागला म्हणून थांबू नये, हा तिथला नियम आहे. रानरेडा दिसत आहे तोवर मारत राहायचे. मरताना तो जो लांब, खालच्या पट्टीतला हंबरडा फोडतो, तो कानावर पडेपर्यंत पीएच कोणालाही जवळ जाऊ देत नाहीत, आणि त्यानंतरही मागून येऊन एक बार देऊनच हात लावतात.

हत्तीवर लहान काडतुसाने शिकार झाली आहे, मग मोठ्याची गरज काय?

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचा दाखला इथे दिला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक ७×५७ माउझर या, आजच्या हिशेबाने हरणाच्या, काडतुसाने. ही गोष्ट खरी आहे. पण तिचे कारण पाहिले पाहिजे. बेल १७३ ग्रेनची लांबट, गोल नाकाची, पूर्ण आवरणाची गोळी वापरत असे. गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या वर्गाने भागले की छेदघनता मिळते. बेलच्या गोळीची छेदघनता सुमारे ०.३०६ होती आणि .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीची ०.३०५ आहे. म्हणजे खोल जाण्याच्या बाबतीत ती बारीक गोळी मोठ्या गोळीच्या पंक्तीला बसणारी होती.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. बेलने हत्तीच्या कवट्या करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली होती. हत्तीचे डोके प्रचंड असले तरी त्याचा वरचा मोठा भाग हवेच्या कप्प्यांनी भरलेल्या, मधाच्या पोळ्यासारख्या हाडाचा असतो. चार-पाच किलोचा मेंदू त्याच्या मागे, खालच्या बाजूला, दोन्ही कानांच्या छिद्रांच्या मधोमध असतो. बाजूने मारताना कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे नेम धरला जातो. समोरून मारताना मात्र नेमाची ठरलेली अशी जागा नाही. शिकारी जितका जवळ, तितकी गोळीची दिशा वर चढती, म्हणून सोंडेवरचा नेम तितका खाली घ्यावा लागतो. हत्तीने डोके उचलले की तो आणखी खाली जातो. हे गणित डोक्यात पक्के नसेल, तर गोळी कप्प्यांच्या हाडातून वरच्या वर निघून जाते आणि हत्ती डोके झटकून वळतो.

नेमका इथे मोठ्या काडतुसाचा उपयोग होतो. थोडक्यात चुकलेल्या बाराने मोठी गोळी हत्तीला क्षणभर गुंगवते आणि दुसऱ्या बाराला संधी देते. बेलला ती सवलत फारशी लागत नव्हती. आज तीस मीटरच्या आत, जाड झाडीत, आयुष्यातला पहिला हत्ती समोर पाहणाऱ्या माणसाला ती लागते. हत्तीवर सॉफ्ट वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

वेग जास्त असेल तर गोळी खोल जात नाही का?

सॉलिडच्या बाबतीत काही मर्यादेपर्यंत जाते. सॉफ्टच्या बाबतीत अनेकदा उलट होते. वेग वाढला की गोळी लवकर आणि जास्त फुलते, रोध वाढतो आणि ती लवकर थांबते. .३०० विंचेस्टर मॅग्नम या वेगवान काडतुसाची साध्या बांधणीची हलकी गोळी चाळीस मीटरवर झेब्राच्या खांद्याच्या हाडावर बसली, तर ती पृष्ठभागावरच फुटून मोठी पण उथळ जखम करू शकते. तीच गोळी तीनशे मीटरवर वेग ओसरल्यावर सुरेख काम करेल. आफ्रिकेतल्या झाडीत बार जवळून होतात, त्यामुळे गोळी जवळजवळ नळीतल्या वेगानेच आदळते. लांबच्या बारासाठी बनवलेली मऊ गोळी तिथे घेऊन जाणे चुकीचे.

वेग फार कमी असणेही धोक्याचे आहे. १९५६ मध्ये आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमची ५०० ग्रेनची गोळी आखूड काडतुसात बसवण्यासाठी दारू दाबून भरावी लागे. सुरुवातीच्या काळातल्या काही काडतुसांत ती दारू गठ्ठ होऊन नीट जळत नसे, वेग पडे आणि सॉलिड अपेक्षेइतकी खोल जात नसे. मोझांबिकमध्ये १९५९ साली रानरेड्याकडून जखमी झालेल्या जॅक लॉट यांनी पुढे जे लांब काडतूस तयार केले, त्या .४५८ लॉटचा उगम याच असमाधानात आहे. दारूच्या सुधारणेमुळे .४५८ विंचेस्टरची ती अडचण आता राहिलेली नाही, पण बदनामी टिकून आहे.

पार्टिशन, बाँडेड आणि अखंड तांब्याची, यांतली कोणती सरस?

तिघींचाही उद्देश एक आहे: गोळी फुलावी, पण फुटू नये. पार्टिशन गोळीत आवरणाचीच एक आडवी भिंत मधोमध असते. पुढचे शिसे फुलून झिजले तरी भिंतीमागचे शिसे शाबूत राहते. जॉन नॉस्लर यांनी १९४६ मध्ये कॅनडात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीत गोळ्या फुटल्याचा अनुभव आल्यावर ती तयार केली आणि १९४८ पासून ती विकली जाऊ लागली. तिचा पुढचा भाग झडत असल्यामुळे वजन साधारण दोन-तृतीयांश शिल्लक राहते. बाँडेड गोळीत शिसे आवरणाला वितळवून जोडलेले असते. ऑस्ट्रेलियाची वुडले वेल्डकोर या प्रकारातली. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये भिंत आणि जोड दोन्ही आहेत आणि ती रानरेड्यातून काढल्यावर नव्वद टक्क्यांच्या वर वजनाची सापडणे नेहमीचे आहे. अखंड तांब्याच्या गोळीत शिसे नसतेच. १९८९ मध्ये आलेल्या बार्न्स एक्सने हा प्रकार रूढ केला. तिचे नाक चार पाकळ्यांत उमलते आणि वजन जवळपास संपूर्ण टिकते.

रानरेड्यासाठी माझी पसंती भिंत आणि जोड दोन्ही असलेल्या जड गोळीला आहे. तांब्याची गोळी जास्त खोल जाते हे खरे, पण कळपात तोच दोष ठरू शकतो. शिवाय पाकळ्या तुटल्या तर उरतो तो बारीक दांडा. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्या रेड्यावर मात्र तांब्याची गोळी वापरण्यात काहीही गैर नाही.

सॉलिडचे नाक गोल असावे की चपटे?

चपटे. ऊती हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असते. नळीतल्या आट्यांनी दिलेले फिरणे गोळीला हवेत सरळ ठेवते, पण इतक्या दाट माध्यमात ते अपुरे पडते. गोल नाकाच्या गोळीचा गुरुत्वमध्य मागे असतो, म्हणून काही अंतर गेल्यावर तिचा कल बाजूला वळण्याकडे असतो. चपटे नाक पुढची ओली ऊती बाहेरच्या दिशेने फेकते आणि गोळीचे अंग एका पोकळीतून प्रवास करते, त्यामुळे ती सरळ राहते. जखमही गोल नाकापेक्षा रुंद होते. तोटा एवढाच की काही बोल्टच्या रायफलींत चपटे नाक मॅगझिनमधून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत, चढताना अडते. घरून निघण्यापूर्वी पूर्ण मॅगझिन वेगाने फिरवून पाहणे हा त्यावरचा उपाय आहे.

सिंह आणि बिबट्यासाठीही रानरेड्याचीच गोळी चालेल का?

सिंहाला ती चालेल, पण आदर्श नव्हे. दोन्ही जनावरे पातळ कातड्याची, हलक्या हाडांची आहेत. रानरेड्यासाठी बनवलेली कठीण गोळी साठेक किलोच्या बिबट्यातून फुलण्याआधीच पार होऊ शकते आणि जखमी बिबट्या झाडीत शोधायची वेळ येते. इथे लवकर फुलणारी सॉफ्ट हवी. सॉलिड तर मुळीच नको.

कुडू, विल्डबीस्ट, एलंड या मोठ्या हरणांसाठी?

.३० व्यासाची १८० ग्रेनची चांगली बाँडेड गोळी बहुतेकांना पुरते. विल्डबीस्ट आणि झेब्रा आकाराच्या मानाने फार चिवट आहेत. एलंडचा नर ९०० किलोपर्यंत जातो, म्हणून त्याला .३३८ किंवा .३७५ योग्य.

कायद्याने किमान काडतूस ठरलेले आहे का?

अनेक देशांत आहे, आणि धोकादायक जनावरांसाठी .३७५ हा सर्वसाधारण उंबरठा मानला जातो. नामिबिया व्यासाऐवजी नळीशी मोजलेल्या ऊर्जेचा निकष लावतो: हत्ती, रानरेडा यांसारख्यांसाठी ५४०० ज्यूल, कुडूसारख्या मोठ्या हरणांसाठी २७०० आणि स्प्रिंगबक या लहान हरणासाठी १३५०. १९१२ च्या .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) काडतुसाची ३०० ग्रेनची गोळी सुमारे ५७८० ज्यूल देते, म्हणजे ती बसते. १९०५ चे जर्मन ९.३×६२ मात्र नेहमीच्या २८६ ग्रेनच्या काडतुसात ४८०० च्या आसपास राहते, जरी त्याने पिढ्यान्‌पिढ्या रानरेडे मारले गेले आहेत. केनियात १९७७ पासून शिकारच बंद आहे. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठवली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे, त्यामुळे येथील माहिती आफ्रिकेपुरतीच समजावी.

या गोळ्यांचा भारताशी काही संबंध आहे का?

दोन ठिकाणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात .३०३ ची उघड्या नाकाची लष्करी गोळी तयार झाली. फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९ च्या हेग घोषणेने मनाई केली. शिकारीला ती मनाई लागू नाही, आणि जखमी जनावर लवकर मरावे या दृष्टीने ते योग्यही आहे. दुसरे असे की बंडखोरांच्या हातातील त्याच व्यासाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० व्यासाच्या खाजगी रायफलींवर बंदी घातली. इंग्लंडच्या बंदूककारांनी पर्याय म्हणून .४६५, .४७० आणि .४७५ ही काडतुसे पुढे आणली. आफ्रिकेत .४७० आज दुनळीचे सर्वाधिक प्रचलित काडतूस आहे, ते बऱ्याच अंशी हिंदुस्थानातल्या त्या हुकुमामुळे.

जुन्या दुनळीत तांब्याची सॉलिड वापरावी का?

जपून. शिशाची घनता ११.३४ आणि तांब्याची ८.९६, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि ती शिशासारखी दबत नसल्यामुळे जुन्या पातळ नळ्यांवर ताण येतो. अंगावर खाचा कोरलेल्या गोळ्यांनी हा ताण कमी होतो. शिवाय दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या आणि वेगाच्या गोळीला एकत्र मारतील अशा जुळवलेल्या असतात. गोळी बदलली की ती जुळणी कागदावर पुन्हा तपासावी लागते.

शिशाच्या गोळीने मांस आणि गिधाडे दूषित होतात का?

होतात. फुटलेल्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात विखुरतात, आणि टाकलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात ते जातात. आपल्याकडची गिधाडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने संपवली. आफ्रिकेत मुख्य कारण विष घातलेली मढी हे आहे, पण शिसे त्यात भर घालते. हरणांसाठी तांब्याची गोळी वापरण्याचे हे पुरेसे कारण आहे.

जेलीत किंवा ओल्या कागदात गोळी झाडून केलेल्या चाचण्यांवर किती विश्वास ठेवावा?

दोन गोळ्यांची तुलना करण्यापुरता. त्या माध्यमांत कातडे नसते, हाड नसते आणि चाऱ्याने भरलेले पोटही नसते.

जनावरातून काढलेल्या गोळीवरून काय कळते?

कातडे सोलताना गोळी बहुधा पलीकडच्या बाजूच्या कातड्याखाली, एखाद्या गाठीसारखी हाताला लागते. सगळी छाती पार करून आलेली गोळी शेवटच्या त्या लवचीक पडद्यात अडकते, कारण कातडे ताणले जाऊन तिचा उरलेला वेग शोषून घेते. ती धुऊन तोलली की राहिलेले वजन कळते. पाकळ्या एकसारख्या वळल्या आहेत की एका बाजूने चेपल्या आहेत, यावरून ती सरळ गेली की तिरपी झाली याचा अंदाज येतो. बुडाशी शिसे बाहेर आलेले दिसले, तर आवरण कमकुवत होते.

एक सावधगिरी बाळगावी. आपल्या हाती येतात त्या फक्त आत राहिलेल्या गोळ्या. पार गेलेल्या झाडीत हरवतात. त्यामुळे एखाद्या शिकाऱ्याच्या डबीतल्या फुललेल्या गोळ्या पाहून ती गोळी नेहमी कातड्याखाली थांबते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. जनावर सोलताना आत शिरल्याचे आणि बाहेर पडल्याचे भोक, मोडलेली हाडे आणि फुप्फुसातल्या जखमेची रुंदी यांची नोंद ठेवली, तर गोळी सापडो वा न सापडो, तिच्याविषयी बोलायला आधार मिळतो.